टणक तोंड

लानश्येनच्या चुका सगळ्यांनी पाहिल्या होत्या. 'चुकले' असं म्हणताना मात्र तिला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बदक करपलं तर कोळसा ओला होता. नवऱ्याला तिने भलत्याच बसमध्ये चढवून दिलं तर दोष बसचा, आणि थोडा नवऱ्याचाही, कारण त्याने बसल्यावर विचारायला हवं होतं. मुलीच्या शाळेच्या सहलीची तारीख विसरली, तर म्हणे, सहलीला जाऊन कुणाचं भलं झालंय!

अशा माणसाला तिकडे, युन्नानच्या डोंगरांत, 'ज्वेई-यिंग' म्हणतात. तोंड टणक. माणूस खोटारडा असतो असं नाही, दुष्टही नसतो. कुणाच्या आजारपणात रात्र रात्र बसेल, शेजाऱ्याच्या पोराला स्वतःच्या ताटातलं देईल, पण चूक झाली म्हणायची वेळ आली की जबडा असा बसतो, की पाना लावला तरी उघडायचा नाही. त्या डोंगराळ गावात लानश्येन नावाच्या तीन-चार बायका होत्या. 'टणक तोंडाची' म्हटलं की लोक बरोबर हिच्या दाराशी आणून सोडत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. मऊ तोंडाच्या बाईचं काय होतं ते तिने आपल्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं. आई जन्मभर सासूपुढे 'चुकलं, चुकलं' म्हणत राहिली आणि तिने न केलेल्या चुकाही तिच्याच नावावर जमा झाल्या.

तर अशा या लानश्येनच्या घरी त्या दिवशी मुलीला मागणी घालायला माणसं आली होती.

माणसं म्हणजे दोनच, आदल्या दिवशीच येऊन गावातल्या लॉजवर उतरलेली. मुलगा यूलिन, जो त्या मुलीबरोबर, म्हणजे वेनछिंगबरोबर, खुनमिंग शहरात एकाच कचेरीत होता आणि घरात आधी दोनदा येऊन गेला होता. आणि त्याचे वडील, फांग. रेल्वेतून निवृत्त झालेला, उंच, सडसडीत, पांढऱ्या भुवयांचा गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे हो की नाही ते म्हणणारा घरात तो एकटाच. थेट उत्तरेतल्या थ्येनचिनहून आला होता आणि येताना वेणीसारख्या पिळाच्या तळलेल्या खाऊचा मोठा डबा घेऊन आला होता. दुपारी दोनला त्यांची भाड्याची गाडी परत खुनमिंगला निघायची होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याचं विमान.

फांगना युन्नानची एकच गोष्ट माहीत होती आणि तिचीच भीती होती. रानातली अळंबी. दर पावसाळ्यात बातम्यांत येतं ना, अमुक घरातले चौघे इस्पितळात, तमुक गावचा एक जण दगावला. यूलिनने हे हसत हसत वेनछिंगला सांगितलं होतं आणि वेनछिंगने, काही गरज नसताना, आईला.

"भिजलेलं मांजर आहे तुझा सासरा!" लानश्येन म्हणाली होती. "आमच्या वारुळाचं सूप एकदा पोटात गेलं की स्वतःहून कॅलेंडर मागेल, लग्नाची तारीख काढायला."

हे ती घरात म्हणाली, बाजारात म्हणाली, नळावर म्हणाली. त्यामुळे सूप करणं भाग होतं.

वारूळ म्हणजे तिच्या घराण्याचं वारूळ. डोंगरात जिथे वाळवीचं घर असतं तिथे दर वर्षी त्याच सुमारास, त्याच जागी ती उंच दांड्याची अळंबी येतात. चव कोंबडीच्या मांसासारखी आणि वास त्याहून चांगला. जागा कुणाला सांगत नाहीत. आई मरताना एका लेकराला सांगते, बाकीची भावंडं गप्प बसतात. तिथे लोखंड न्यायचं नाही, हा दुसरा नियम. बांबूच्या पातीने माती मोकळी करायची आणि दांडा मुळासकट, अगदी हळू, ओढून काढायचा. लोखंड लागलं तर वारूळ रुसतं आणि पुढल्या वर्षी काही देत नाही, असं म्हणतात.

लानश्येन उजाडताना तिथे पोचली, तर वारूळ रिकामं. माती नीट उकरलेली, नीट दाबून बसवलेली. म्हणजे कुणीतरी आदल्याच दिवशी येऊन सगळी अळंबी नेली होती.

तिच्या डोळ्यांपुढे शेजारच्या पू वहिनीचा चेहरा आला. दुसरं कोण? गेल्या वर्षीच ती विचारत होती, कुठल्या बाजूला जाता हो तुम्ही, डोंगरधारेने का ओढ्याने? लानश्येनने वारुळाशी उभं राहून पू वहिनीच्या सात पिढ्यांची खबर घेतली. मग रिकामी टोपली घेऊन घरी जायचं कसं, हा विचार आला आणि ती ओढ्यापलीकडे वळली. तिकडच्या उतारावर पू वहिनी जाते हे तिला ठाऊक होतं. तिथे धुक्यात तिला अळंबी मिळाली, विखुरलेली, पण बऱ्यापैकी. ती खाली बसली, बांबूची पात कमरेला होती तरी तिने खिशातला चाकू काढला. जागा आपली थोडीच आहे? लागू दे लोखंड. रुसू दे पू वहिनीचं वारूळ. भराभर, जमिनीलगत, तिने एकेक दांडा सपासप कापून टोपलीत टाकला.

घरी आल्यावर अंगणातूनच तिने आवाज दिला, "आली बघा! आपल्या वारुळाची, आत्ता काढलेली!"

वेनछिंग दारात कोथिंबीर निवडत होती. तिने वर पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि परत खाली पाहून कोथिंबीर निवडायला लागली. लानश्येनच्या ते लक्षात आलं, पण पाहुणे फाटकात शिरत होते.

मग अळंबी धुतली गेली, हाताने उभी उभी फाडली गेली. फाडताना लानश्येन पाहुण्यांशी बोलत होती. थ्येनचिनमध्ये थंडी किती, विमानात जेवण देतात का, यूलिन लहानपणी हट्टी होता का. हात आपले चालत होते. लसणाच्या पाकळ्या मूठभर पडल्या, हॅमचे दोन तुकडे पडले आणि पातेलं चुलीवर चढलं.

तासाभराने फांग स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "काही मदत करू का, वहिनी?"

"मदत कसली! या, चाखा." तिने वाडगा भरला.

"सगळ्यांबरोबर घेईन की."

"घाबरलात?"

"नाही, नाही."

"मग? आमची मुलगी मागायला आलात आणि आमच्या घरचं पाणी घशाखाली उतरत नाही? अहो, तीस वर्षं करतेय मी हे. आमच्या वारुळाची आहेत. माझ्या हाताने काढलेली."

फांग हसले. वाडगा दोन्ही हातांनी घेतला, फुंकर मारली आणि प्याले. अळंबीही खाल्ली, सगळी. मग, माणूस फार सभ्य म्हणून, म्हणाले, "खरंच फार चांगलं झालंय. आणखी अर्धा मिळेल?"

तिने पूर्ण दिला. त्या क्षणी त्या गावात तिच्याएवढं सुखी कुणी नसेल.

फांग बाहेर अंगणात यूलिनजवळ जाऊन बसले. लानश्येनने टोपली उचलली, तळाशी घातलेली नेच्याची पानं मोरीत झटकायला. पानांतून एक लहानसं अळंबं घरंगळलं आणि मोरीच्या कडेला थांबलं.

ते कापलेलं नव्हतं. मोठ्याला लागून असल्यामुळे ओढीत अख्खं निघून आलं असावं. पांढरं शुभ्र. दांड्याच्या खाली अंड्याच्या कवचासारखी गोल वाटी. कमरेला पातळशी झालर.

वारुळाच्या अळंब्याला वाटी नसते. झालर नसते. हे त्या गावात लिहिता-वाचता यायच्या आधी पोरांना येतं.

लानश्येन मोरीच्या काठावर बसली. हे लहान होतं. मग याच्या शेजारचं मोठं? ते तिने जमिनीलगत कापलं होतं, वाटी मातीतच राहिली होती. बांबूच्या पातीने मुळापासून काढलं असतं तर तिथल्या तिथे दिसलं असतं. झालर धुताना निघून गेली असेल, नाहीतर तिच्याच बोटांनी फाडताना, विमानातल्या जेवणाच्या गप्पा मारत. मोठं पातेल्यात होतं. एक होतं की दोन? आणि पातेल्यातलं किती त्या माणसाच्या पोटात?

ही जात उकळून मरत नाही. लसणाने मरत नाही. ओढ्याकाठच्या ल्वो सुताराने ती दुपारी खाल्ली होती. संध्याकाळपर्यंत पत्ते खेळत होता. रात्री ओकला, दुसऱ्या दिवशी बरा होऊन बाजारात आला आणि लानश्येनच्याच भाजीच्या गाळ्यावर त्याने मिरच्या घेतल्या, वर भावावरून हुज्जत घातली. मग डोळे पिवळे झाले. तो गेला तेव्हा तिनेच त्याच्या बायकोला धरून ठेवलं होतं.

"आई, वाढायचं ना?" बाहेरून वेनछिंगचा आवाज. "पातेलं आणू का मी?"

"हात लावू नकोस!"

ती उठली. लहान अळंबं तिने चिंधीत गुंडाळून कमरेच्या खिशात टाकलं. पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर निघाली. टेबलाभोवती सगळे बसले होते. चांगशुनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मधली जागा मोकळी केली. लानश्येन उंबऱ्याशी आली आणि तिने पातेलं सोडून दिलं.

सूप अंगणभर झालं. यूलिन पाय वर घेऊन ओरडला. कोंबड्या धावत आल्या, तशी तिने झाडू घेऊन त्यांना अशी हाणली, की एक भिंतीवर जाऊन बसली.

"ही फरशी कुणी ओली ठेवली?" ती ओरडली. तोंडाला सवय होती. तोंडाने तिला विचारलंही नाही.

फरशी कोरडी खडखडीत होती. सगळ्यांना ती दिसत होती.

"मी ठेवली," चांगशुन शांतपणे म्हणाला. "आत्ताच पाणी सांडलं माझ्या हातून." आणि तो फडकं आणायला गेला. जाताना त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिच्या हातून साधी बशी निसटलेली त्याने पाहिली नव्हती.

"अरेरे," फांग म्हणाले, "इतकं छान सूप! बरं झालं, मला आधीच मिळालं."

जेवण झालं. हॅम होतं, तळलेलं शेळीच्या दुधाचं पनीर होतं, पुदिना घातलेले बटाटे होते. सगळे जेवले. लानश्येन फांगच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यांचे गाल लाल होते. ते वेनछिंगला मासा करायची थ्येनचिनची पद्धत सांगत होते. हातही थरथरत नव्हते.

थरथरणारच नाहीत, इतक्यात नाहीत, हे तिला माहीत होतं. आणि तरीही एक आवाज तिच्या कानाशी लागला होता. कदाचित मोठं अळंबं तू टोपलीत टाकलंच नसशील. कदाचित धुताना गळून गेलं असेल. कदाचित त्यांच्या वाडग्यात आलंच नसेल. हा माणूस दोन वाजता जाईल, उद्या विमानात बसेल, आणि तू उगाच आपल्या लेकीच्या सासऱ्याला सांगशील, की मी तुम्हाला विष पाजलं? टोमणा मारून पाजलं? मग ते लग्न होईल? आणि गाव? तीस वर्षं करतेय मी हे!

ती आत गेली, कोमट पाण्यात मूठभर मीठ ढवळलं आणि मोठा पेला घेऊन आली. "घ्या, भाऊजी. आमच्याकडे जेवणानंतर घेतात. पूर्ण प्यायचं असतं."

चांगशुनच्या भुवया वर गेल्या. असं काही तिकडे कुणी घेत नाही.

फांगनी घोट घेतला. चेहरा किंचित आक्रसला. "वेगळं आहे," ते म्हणाले आणि पेला रिकामा केला. खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले. ओकारी काही आली नाही. पोट रेल्वेचं होतं, जिथे जे मिळेल ते पचवलेलं.

"आणखी एक?"

"आई!" वेनछिंग दबक्या आवाजात म्हणाली. "काय चाललंय तुझं?"

"तू गप्प बस."

फांग तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला. "वहिनी, चांगशुनभाऊ. मी फार बोलणारा माणूस नाही. यूलिनची आई असती तर तिने हे नीट मांडलं असतं. तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे. तुमचं घरही. इथे मला कुणी परकं मानलं नाही, थेट स्वयंपाकघरात नेऊन खाऊ घातलंत. तारीख तुम्हीच काढा."

यूलिनने टेबलाखाली वेनछिंगचा हात धरला. चांगशुनने ग्लास भरले. लानश्येनला रडू आलं आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाने आलंय.

दोन वाजायच्या आत गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर घाई करत होता, घाटात धुकं उतरतंय म्हणून. बॅग डिकीत गेली. फांग दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे धरून वाकले, 'येतो, येतो' झालं. लानश्येन गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. दार सोडवेना. सांगायचं होतं ते घशापर्यंत येत होतं आणि दातांशी अडत होतं.

"थांबा, थांबा!" वेनछिंग पू वहिनीच्या घरातून धावत आली. तिच्यामागे खुद्द पू वहिनी, हात पदराला पुसल्यासारखे एप्रनला पुसत. वेनछिंगच्या हातात काचेची बरणी होती. तेलात तळून मुरवलेली अळंबी, सोनेरी, तिळासारखा वास सुटलेली. "बाबा, हे तुमच्यासाठी. रोज थोडं नूडल्सवर घ्यायचं. आमच्या वारुळाची आहेत. या वर्षीची पहिली."

लानश्येनने बरणीकडे पाहिलं.

वेनछिंगने आईकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "काल मी आणि यूलिन गेलो होतो," ती पुटपुटली. "लहानपणी तुझ्या मागे मागे येऊन जागा बघून ठेवली होती. तुला सांगणार होते. पू वहिनींकडे तळायला दिली होती, तुला अचानक दाखवायचं म्हणून. मग सकाळी तू म्हणालीस..."

सकाळी अंगणातून 'आपल्या वारुळाची, आत्ता काढलेली' म्हणून कोण ओरडलं होतं, ते सगळ्यांनाच माहीत होतं.

म्हणजे पोरीला सकाळपासून माहीत होतं. यूलिनला माहीत होतं. पू वहिनीला माहीत असणारच. गल्लीभर माहीत असेल. आणि कुणी एक अक्षर बोललं नाही, कारण टणक तोंडाच्या लानश्येनला खोटं पाडून कुणाला दिवसभर शिव्या खायच्या होत्या? चांगशुन तर ओल्या नसलेल्या फरशीची चूक पदरात घेऊन मोकळा झाला होता.

"चला बाबा, दार लावतो," ड्रायव्हर म्हणाला.

"उतरा," लानश्येन म्हणाली.

"काय?"

"खाली उतरा. त्या पू वहिनीने... नाही. धुकं होतं. सकाळी इतकं धुकं होतं, की... आणि चाकू कुणी माझ्या खिशात..." तिचे ओठ हलत होते, शब्द नेहमीच्या वाटेने पळत होते, एकेकाच्या दारात शिरू बघत होते. तिने स्वतःच्या तोंडावर हात मारला. चांगला जोरात. पू वहिनी दचकून मागे सरकली.

"माझी चूक झाली," लानश्येन म्हणाली.

फांगनी गाडीच्या दारातून डोकं बाहेर काढलं.

"मी चुकले. ती आमच्या वारुळाची नव्हती. मी ओढ्यापलीकडून आणली. दुसऱ्याची जागा म्हणून चाकूने कापली, मुळासकट काढली नाहीत. त्यात पांढरी विषारी होती. हे बघा." तिने चिंधी उघडली. "फांगभाऊजी, तुम्ही दोन वाडगे प्यालात. मी पाजलेत. पातेलं मी मुद्दाम सांडलं, फरशी कोरडी होती. ते मिठाचं पाणी ओकारीसाठी होतं. आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला."

फांग गाडीत बसल्या जागीच हसले, जरा गोंधळून. "पण मला तर काहीच होत नाहीये. उत्तम आहे मी."

"होणार नाही! रात्रीपर्यंत काही होणार नाही, तेच तर आहे!"

"वहिनी, तुम्ही उगाच घाबरताय. मीच मघा भीत होतो, आता तुम्ही..."

पण बाकी कुणी हसत नव्हतं. चांगशुनने चिंधीतल्या अळंब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने ड्रायव्हरच्या खांद्याला धरलं. "इस्पितळ. घाट नाही, इस्पितळ. चल!" पू वहिनीने फाटक सताड उघडलं आणि रस्त्यावरच्या म्हशीला ओरडून बाजूला घेतलं.

इस्पितळात तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. अळंबं बघून मात्र त्याने चष्मा सारखा केला. "हे यांच्या पोटात गेलंय हे नक्की का? म्हणजे बघा, आम्ही पोट धुऊन काढू, कोळशाचं औषध देऊ, खुनमिंगला पाठवू. पण रुग्णाला काहीच त्रास नाही, वय सत्तरीच्या घरात. बाईंना शंका आलीय एवढंच असेल तर..."

"शंका नाही," चांगशुन म्हणाला. जन्मभरात त्याने डॉक्टरला मध्ये तोडलं नव्हतं. "साहेब, तुम्ही याच गावचे. ही कोण आहे माहीत आहे ना?"

डॉक्टरने लानश्येनकडे पाहिलं. भाजीच्या भावावरून त्याच्या आईला तिने एकदा भर बाजारात रडवलं होतं. "टणक तोंडाच्या..." तो बोलून गेला आणि थांबला.

"तीच. ती म्हणतेय, मी चुकले. स्वतःच्या तोंडाने, गल्लीसमोर."

डॉक्टरने पुढे काही विचारलं नाही. त्याने दारात जाऊन नर्सला हाक मारली आणि फांगना उठवून आत नेलं. जाताजाता फांग चांगशुनला म्हणत होते, "एवढी धावपळ कशाला? उगाच सगळ्यांना त्रास." नळी घालेपर्यंत ते हेच म्हणत होते.

संध्याकाळ कलली तेव्हा त्यांच्या पोटात पहिली कळ आली. डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं आणि रुग्णवाहिका मागवली.

पुढचे दिवस कसे गेले ते लानश्येनला नीट आठवत नाही. खुनमिंगच्या मोठ्या इस्पितळाच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून बसायची. फांगचे डोळे पिवळे झाले, मग आणखी झाले. यूलिन तिच्याजवळून जायचा तेव्हा बोलत नसे. ती त्याला डबा द्यायची, तो घ्यायचा, उघडायचा नाही. तिला ते योग्यच वाटायचं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या सगळ्या ऐकून घेतल्या असत्या. आणि मग एका सकाळी तिथली डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, की यकृत सावरतंय, औषध वेळेवर पोटात गेलं म्हणून, आणखी काही तास गेले असते तर तिने जबाबदारी घेतली नसती.

यूलिन खाली बसला आणि पोरासारखा रडला. मग त्याने डबा उघडला.

दुपारी लानश्येनला आत सोडलं. फांग उशीला टेकले होते, हळदीने माखल्यासारखे. ओठ सुकलेले.

"वहिनी," ते क्षीण आवाजात म्हणाले, "सूप मात्र खरंच छान होतं."

ती हसली नाही. ते सभ्यपणाने म्हणाले की चिडवायला, ते तिला कधीच कळलं नाही.

"तारीख काढलीत का?" त्यांनी विचारलं.

ती तशीच व्हरांड्यात आली. वेनछिंग खिडकीशी उभी होती, पाठमोरी. इतक्या दिवसांत मायलेकी कामापुरतंच बोलल्या होत्या. गोळ्या घेतल्या का, पाणी आण, तू जरा झोप.

"तारीख विचारतायत," लानश्येन म्हणाली.

वेनछिंगने मान हलवली. वळली नाही. "आई, मला सकाळीच कळलं होतं. टोपली बघितली तेव्हाच. आपली तर आम्ही आदल्या दिवशी काढली होती. मी तेव्हाच म्हटलं असतं, आई, ही कुठली? दाखव बरं... तर तू खाली बसून एकेक बघितली असतीस. बघितली असतीस ना? पण मी म्हटलं, जाऊ दे. पाहुण्यांसमोर कशाला. लहानपणापासून म्हणत आलेय, जाऊ दे. ते मेले असते, आई. मी गप्प बसले म्हणून मेले असते."

तिचे खांदे हलत होते.

लानश्येन उभी राहिली. आता मागे कुणाचं मरण उभं नव्हतं. गाडी हॉर्न वाजवत नव्हती, डॉक्टर वाट बघत नव्हता. काही बोललं नसतं तरी चाललं असतं. पोरगी थोडं रडून गप्प झाली असती, डोळे पुसून आईसाठी चहा आणायला गेली असती आणि लग्नही झालं असतं. नेहमी असंच होत आलं होतं. जबडा आपल्या जागी बसायला लागला होता. तिला तो बसताना जाणवत होता.

"तू गप्प बसली नाहीस," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी बसवलं तुला गप्प. तुला आणि तुझ्या बापाला. चुकले गं, वेनछिंग."

वेनछिंग वळली. आईचं तोंड उघडंच होतं, मिटायचं विसरल्यासारखं.